गायकी पाहिजे

'गायकी चालला सोडून. पाडव्यापासून येत नाही म्हणते.'

मामाचा हा मेसेज आला तेव्हा मी बाणेरच्या एका कॅफेत लॅपटॉप उघडून बसले होते. शेजारच्या मैत्रिणीनं डोकावून वाचलं आणि अगदी सिरियसली विचारलं, "कोणत्या घराण्याची गं?"

तिची चूक नाही. पुण्यात गायकी म्हटलं की किशोरीताई, तानपुरा आणि सवाईचा मांडव. आमच्या पुसदकडे मात्र गायकी हा चालताबोलता माणूस असतो. गावातल्या घराघरातली ढोरं सकाळी गोळा करून रानात न्यायची, दिवसभर चारायची आणि संध्याकाळी ज्याची त्याच्या दारात आणून सोडायची, हे त्याचं काम. म्हणजे गुराखीच, पण अख्ख्या गावाचा. गंमत बघा, मैत्रीण त्या वेळी ऑनलाइन काऊबॉय हॅट शोधत होती! तिच्या हिंजवडीच्या ऑफिसात पुढच्या शुक्रवारी 'वाइल्ड वेस्ट' थीम पार्टी होती. मी म्हटलं, "बघ बाई, आमच्या गावात व्हेकन्सी आहे. हॅट स्वतःची आणावी लागेल."

जोक मारून झाला, पण मेसेज डोक्यातून जाईना. मामाकडे पाच जनावरं आहेत. दोन बैल, दोन गाई, एक कालवड. गायकी नाही म्हणजे त्यांचं काय? शेवटी पाडव्याच्या पंधरा दिवस आधी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली आणि पुसद गाठलं. मामाचं गाव तिथून पुढे मोटरसायकलनं अर्ध्या तासावर आहे. पुसदच्या चारी बाजूंना डोंगर आणि डोंगरांवर सागाचं जंगल. मार्चमध्ये साग पार निष्पर्ण झालेला असतो आणि फक्त पळस तेवढा पेटलेला दिसतो. खाली मुरमाड बरड, त्यावर वाळकं कुसळी गवत, आणि मधूनच नाले, पाणी नसलेले. राजस्थानचं वाळवंट नव्हे हे, पण सकाळी अकरानंतर फरक सांगणं कठीण जातं.

साडेसातला आखरावर पोचले. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा. घरांमधून सोडलेली ढोरं इथं येऊन थांबतात. गुरांचा बसस्टँडच म्हणा ना! काका आधीच हजर होते. साठीच्या आसपासचे, डोक्याला दुपट्टा, हातात काठी, खांद्याला दोरीनं अडकवलेली पाण्याची बाटली, आणि खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बटणांचा मोबाइल. जनावरं किती, विचारलं तर म्हणाले, "चौऱ्याऐंशी. काल पंच्याऐंशी होते, एक इकलं." मोजताना दिसले नाहीत. कुणाचं काय आलं नाही हे त्यांना नुसतं बघूनच कळत होतं.

मीही हौसेनं काठी घेतली. मामाचीच एक गाय वाटेतल्या बाभळीखाली अडून बसली होती, तिला उठवून कळपात आणायचं, एवढंच माझं टास्क. मी मागून 'हाट, हाट' केलं. गाय उठली खरी, पण उलट्या दिशेनं नाल्यात उतरली. मी मागं धावले, ती पुढं धावली.

"बाई, तिच्या मांगं नका जाऊ," काका लांबूनच ओरडले. "खांद्यापाशी या, खांद्यापाशी!"

मग ते स्वतः आले. घाई नाही, आवाज नाही. एक लांबलचक वळसा घेऊन गाईच्या पुढच्या खांद्याच्या थोडं पुढे जाऊन उभे राहिले. गाय थांबली. ते एक पाऊल पुढे सरकले, गाय वळली. मग ते खांद्याच्या मागे आले आणि ती कळपाकडे चालू लागली. काठी गाईला लागलीसुद्धा नाही! अमेरिकेत टेंपल ग्रँडिन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी हेच आकृत्या काढून समजावलं आहे. खांदा हा जनावराचा 'पॉइंट ऑफ बॅलन्स'. त्याच्या मागे उभं राहिलात तर ते पुढं जातं, पुढे उभं राहिलात तर मागं वळतं. घोड्यावर बसलेला काऊबॉयसुद्धा घोडा याच हिशेबानं फिरवतो. मी हे काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "त्या बाईनं गाई राखल्या असतीन." (राखल्या नाहीत, पण लहानपणी मावशीच्या रँचवर राहून गाई बघितल्या मात्र भरपूर.)

कळपात एक काळी गाय सगळ्यात पुढं चालते, तिच्या गळ्यात लाकडी घंटा, तिला इकडं टापर म्हणतात. बाकीची तिच्या आवाजामागं. टेक्सासच्या चार्ल्स गुडनाइटकडे 'ओल्ड ब्लू' नावाचा असाच एक घंटेवाला बैल होता, त्यानं वर्षानुवर्षं हजारो जनावरं रेल्वे स्टेशनापर्यंत नेली. आमच्या काळीला नाव नाही. ती नुसतीच काळी. आणि एका खोडकर गोऱ्ह्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका होता, चालताना त्याच्या पुढच्या पायांवर आपटणारा. मी विचारलं, हे काय? काका म्हणाले, "लोढनं." बॉस, मी हा शब्द आयुष्यभर वापरला आहे! होम लोनला, जुन्या बॉयफ्रेंडला, एका एडिटरला. खरं लोढणं मात्र पहिल्यांदा बघत होते. पळणाऱ्या जनावराला पळता येऊ नये म्हणून ते असतं.

दुपारी नाल्यातल्या एका डोहाशी गुरं टेकली. उंबराखाली भाकरी आणि ठेचा. मी मोबाइलवर काकांना काऊबॉयचे फोटो दाखवले. त्यांनी घोड्याकडे निरखून पाहिलं.

"घोडा कोनाचा?"

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. टेक्सासमधून कॅन्ससकडे गुरं हाकणाऱ्या त्या पोरांना घोडे मालक देई, खोगीर तेवढं बहुधा स्वतःचं. दोन-अडीच हजार जनावरांमागं दहा-बारा माणसं आणि महिन्याला २५ ते ४० डॉलर. त्यात मेक्सिकन होते, गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय होते. सिनेमावाल्यांनी त्यांना बरीच वर्षं गाळलं. हा सगळा खेळ चालला जेमतेम वीस वर्षं. १८६७ मध्ये कॅन्ससच्या ॲबिलीनपर्यंत रेल्वे पोचली होती, म्हणून तिथवर गुरं न्यायची. मग १८७४ ला जोसेफ ग्लिडननं काटेरी तारेचं पेटंट घेतलं, रानाला कुंपणं पडली, आणि १८८६-८७ च्या भयंकर थंडीनं उरलंसुरलं संपवलं.

"घोडा परवडला असता तं गायकी काहून केली असती?" काका म्हणाले आणि समोरच्या टेकडीकडे बोट दाखवलं. टेकडीपलीकडे तांडा आहे.

पुसदच्या आसपास डोंगराडोंगरावर तांडे आहेत. इथून तास-दीड तासावर, वाशिम जिल्ह्यात पोहरादेवी. तिथं संत सेवालाल महाराजांचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे, २०२३ ला त्याचं अनावरण झालं. १७३९ चा त्यांचा जन्म. बंजारा समाजाच्या परंपरेत ते हजारो गाईंचे राखणदार, आणि त्यांच्या घोड्याचं नाव तोळाराम. म्हणजे घोड्यावरचा गुराखी शोधायला मला टेक्सासला जायची गरजच नव्हती. आणि तोही आराध्य दैवत म्हणून पुजला जाणारा!

बंजाऱ्यांची गुरं नुसती चरत नसत, ती माल वाहत. पाठीवर धान्य आणि मीठ लादलेल्या बैलांचे तांडे या देशात शेकडो कोस चालत. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये वाटेत एक तांडा लागला, त्यात १४,००० बैल होते. चौदा हजार! १८०३ च्या लढाईत वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवणाऱ्यांतही बंजारे होते. या धंद्याला ते लदेणी म्हणत आणि तांड्याच्या प्रमुखाला नायक. पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या वसंतराव नाईकांचं आडनाव तिथूनच आलेलं. १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री होते आणि १ जुलैचा त्यांचा वाढदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळतात.

मग इकडंही रेल्वे आली. वऱ्हाड ओलांडून ती नागपूरला पोचली १८६७ मध्ये, म्हणजे ॲबिलीनला गुरं पोचू लागली त्याच वर्षी. फरक इतकाच की तिकडं रेल्वेनं गुराख्याला काम दिलं आणि इकडं बैलाच्या पाठीवरचं ओझं काढून घेतलं. पाठोपाठ १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. पिढ्यान् पिढ्या फिरणाऱ्या माणसांवर 'फिरतात म्हणजे चोर' असा शिक्का मारायची सोय त्यात होती. त्याच वर्षी आणखी एक कायदा झाला, गुरं दुसऱ्याच्या वावरात शिरली तर कोंडवाड्यात घालण्याचा. हा दुसरा अजून चालू आहे. पहिला स्वातंत्र्यानंतर गेला, १९५२ ला या जमाती 'विमुक्त' झाल्या. शिक्का काही एका दिवसात पुसला गेला नाही.

काका यावर काही बोलले नाहीत. भाकरीचा उरलेला तुकडा काळ्या गाईला घातला.

आता राजकारणात शिरायचं नाही म्हटलं तरी गुरांच्या गोष्टीत ते येतंच. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैल सुमारे १ कोटी ५५ लाख होते, २०१९ ला सुमारे १ कोटी ४० लाख. ट्रॅक्टर आला, ज्वारी गेली म्हणून कडबा गेला, सोयाबीनचं कुटार जनावरं नाइलाजानं खातात. मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे म्हातारा बैल विकायला गेलं तर गिऱ्हाईक नसतं. कायद्यामागच्या भावनेशी माझं भांडण नाही. पण मामाचा एक बैल चौदा वर्षांचा आहे आणि त्याला रोज कोणीतरी चारायला न्यावं लागतं, हेही खरंच ना? आणि चारायला कुठं, हा वेगळाच लेख होईल. गायरानांवर घरं आहेत, पिकं आहेत. त्यातली कित्येक अशा भूमिहीनांची आहेत की ज्यांना दुसरी जागा कधी मिळालीच नाही.

संध्याकाळी परतताना कळप वाटेला लागला आणि काका थबकले. "तुमची तांबडी नाही."

त्र्याऐंशी जनावरांच्या धुळीत त्यांना तांबडी दिसली नाही, हे त्यांना कसं दिसलं कोण जाणे. काळीला पुढं जाऊ दिलं, कळप आपोआप तिच्यामागं गावाकडे निघाला. आम्ही दोघं मागं फिरलो. काका कान देऊन उभे राहत, दहा पावलं चालत, परत उभे. मला फक्त वारा ऐकू येत होता. मग ते एकदम उजवीकडे वळले आणि सागातून खाली उतरले. तांबडी दोन खडकांमधल्या सांदीत उभी होती, गळ्यातला दोर झुडपात अडकलेला. काकांनी दोर सोडवला, तिच्या मानेवर थाप मारली आणि तिला एक सणसणीत वऱ्हाडी शिवी दिली. ती इथं छापता येणार नाही. उतरताना त्यांचा गुडघा दुखत होता हे मला चढताना कळलं.

गावात शिरताना सूर्य धुळीत बुडत होता. लग्नपत्रिकेवरचा 'गोरज मुहूर्त' तो हाच. गाईंच्या खुरांनी उडालेल्या धुळीची वेळ. एसी हॉलमध्ये आपण ती मिनिटासकट छापतो.

मी त्यांना विचारलं, का सोडताय? मला वाटलं होतं गुडघा म्हणतील, ऊन म्हणतील, वाघ म्हणतील.

"पोरगं चाकनले हाय कंपनीत. त्यानं वाघोलीले वॉचमनचं पाह्यलं माह्यासाठी. रातपाळी. सोसायटीच्या गाड्या मोजाच्या." थोडं थांबून म्हणाले, "सात तारखेले पगार होते म्हन्ते. दर म्हयन्याले."

"इथं नाही होत?"

ते हसले. एका ढोरामागं महिन्याला दीडशे रुपये ठरले होते, वासरांचे काहीच नाही, आणि सुगीला घरटी पायलीभर ज्वारी. ज्वारी आता कोणी पेरत नाही, तेव्हा तो विषयच मिटला. राहिले पैसे. कोणी पोळ्याला देतो म्हणतं, कोणी कापूस विकल्यावर. "मांगाले जा तं म्हन्ते, काका तुमी तं घरचेच."

रात्री जेवताना मी मामाला विचारलं, "आपले किती बाकी आहेत त्यांचे?"

मामा भात कालवत राहिला. मामीनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, खरं तर ताटाशी एक भरलेला होताच. शेवटी मामा म्हणाला, "पाच म्हयन्याचे असतीन." मग जरा चिडून, "सोयाबीनले काय भाव भेटला माहीत हाय का तुले?" मला माहीत होतं. घरात कोणाचंच खोटं नव्हतं. मी पाच जनावरांचा, पाच महिन्यांचा हिशेब मोबाइलवर केला, कालवड धरून. ३,७५० रुपये. पुण्यात आम्ही चौघी मैत्रिणी एका रविवारी ब्रंचला याहून जास्त देतो आणि वर टिपही.

सकाळी मामा स्वतःच आखरावर गेला आणि पैसे देऊन आला. अजून तीन-चार घरांनी दिले म्हणे. गावानं पारावर बसून दोनशे रुपयांचा भावही काढला. काकांनी सगळं ऐकून घेतलं, पैसे मोजून खिशात ठेवले आणि सांगितलं, पाडव्यापर्यंत आहे.

पाडवा झाला. काका वाघोलीत आहेत, त्यांचा नंबर माझ्याकडे आहे, रविवारी भेटायला जाणार आहे. गावात नवा गायकी मिळालेला नाही. चार घरांनी गाई विकल्या. बाकीच्यांनी पाळी लावली आहे, रोज एका घरानं सगळ्यांची ढोरं न्यायची. पहिल्याच आठवड्यात दोन गोऱ्हे कोंडवाड्यात गेले. एक म्हैस रात्रभर रानात राहिली.

मामाची पाळी मंगळवारी असते. काल त्याचा मेसेज आला. काळी गाय कोणाचंच ऐकत नाही, खांद्यापाशी नेमकं कुठं उभं राहायचं म्हणत होते काका, आणि मला मंगळवारची सुट्टी मिळते का.