काकूंची पासबुके

मैत्रिणींनो, परवा दुपारी शेजारच्या काकू कापडी पिशवी घेऊन आल्या आणि चार पासबुके माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "बघ गं बाई, यातलं बुडणारं कुठलं?" त्यांच्या माहेरच्या गावी पतसंस्थेला टाळे लागले होते आणि भावजयीने लेकीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे आत अडकले होते.

बँका बुडणे आपल्याकडे नवीन नाही हो. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, पाठोपाठ ऑगस्टमध्ये केरळातल्या पाला गावची पलाई सेंट्रल बँक. लोकांचा धीरच सुटला. त्यानंतर १९६२ पासून ठेवींना विमा आला. तेव्हा संरक्षण होते १,५०० रुपयांचे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते ५ लाख झाले आहे.

पण या ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आले, आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखा मिळून हा हिशेब होतो. एक ठेव पेठेतल्या शाखेत, दुसरी स्टेशनजवळच्या शाखेत, म्हणजे दुप्पट संरक्षण, असे नाही बरे का! वेगळी बँक हवी. 'हे' आणि तुम्ही असे जोडखाते मात्र तुमच्या एकटीच्या खात्यापासून वेगळे धरतात. बँकेचे कर्ज अंगावर असेल तर ते आधी वळते होते.

रिझर्व्ह बँकेने पैसे काढण्यावर निर्बंध घातले तर, २०२१ च्या दुरुस्तीमुळे, विम्याची रक्कम साधारण ९० दिवसांत मिळायला हवी. ५ लाखांच्या वरच्या रकमेसाठी मात्र अवसायक कर्जे वसूल करून, मालमत्ता विकून काय हाती लावतो त्याची वाट बघायची. त्याला वर्षे लागतात.

आणि पतसंस्था? तिला हा विमा लागूच नाही. सहकारी बँक वेगळी, सहकारी पतसंस्था वेगळी. पाटीवर दोन्हीकडे 'सहकारी' असते, तिथेच आपण फसतो. संकोच न करता काउंटरवर विचारा, "रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे का? ठेव विमा आहे का?"

काकूंच्या चार पासबुकांत तीन बँकांची निघाली. चौथे पतसंस्थेचे, आणि सर्वांत मोठी रक्कम नेमकी त्यातच. का, तर पिग्मीवाला मुलगा रोज दारात येतो, गोड बोलतो, अर्धा टक्का व्याजही जास्त. काकांना या पुस्तकाचा पत्ताच नव्हता.

ठेवीची मुदत दिवाळीत संपते. काकूंनी पावती आता देवघरातून काढून कपाटात ठेवली आहे, आणि काकांना सांगितलेही. ते दोन दिवस बोलले नाहीत म्हणे.