सदऱ्यामागचे हात
धरणगावच्या पहिलीतल्या मुलांना कामधंद्यांचा धडा तक्त्यावरून कशाला शिकवायचा? कपाशी तर शिवारातच उभी आहे. मुलाच्या सदऱ्यावर बोट ठेवावे आणि मागे मागे जावे: शिवणारा शिंपी, कापड विणणारा कामगार, सरकीपासून रुई वेगळी करणारा जिनिंगमधला मजूर, उन्हात कापूस वेचणारी मावशी, पेरणारा शेतकरी. अंग झाकायला सदरा ही गरज, त्यावर नक्षी ही हौस. दोन्ही कुणाच्या तरी कष्टाने भागतात आणि त्याच मजुरीतून मावशीच्या घरची चूल पेटते. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला होता. गुरुजी, बाई, यंदा वेचणीच्या दिवसांत मुलांना शेतावर न्या. मावशीला नमस्कार करायला शिकवा.