उसनी ताकद

मेफेन्टरमाइन हे नाव एरवी भूलतज्ज्ञांखेरीज कोणाच्या तोंडी यायचे कारण नाही. पण अलीकडे पुणे, सांगलीकडच्या पोलिसांच्या बातम्यांतून ते घरोघर पोचले आहे. पीळदार शरीराच्या हौसेपायी जिममध्ये जाणारी मुले हे इंजेक्शन टोचून घेऊ लागली आहेत. पुणे-मिरज लोहमार्गावरच्या आमच्या कोरेगावसारख्या गावांनी हे दुरून पाहून चालणार नाही.

औषध मुळात वाईट नव्हे. सिझेरियनसाठी मणक्यात भूल दिली, की रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि आईबरोबर बाळही धोक्यात येते. अशा वेळी मोजून दिलेले काही मिलिग्रॅम मेफेन्टरमाइन रक्तदाब सावरते. म्हणूनच सरसकट बंदी हा यावरचा उपाय नाही. ‘एमडी’ म्हणून पकडले जाणारे मेफेड्रोन निराळे. त्याची दवाखान्यात गरजच नसते. याची असते.

रसायनाच्या दृष्टीने हे ॲम्फेटामाइनच्या कुळातले. ते नवी ताकद निर्माण करीत नाही. मज्जातंतूंच्या टोकांशी शरीराने नॉरॲड्रेनलिन साठवलेले असते, ते बाहेर काढते. बँकेत उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला हा व्यवहार चटकन कळतो: ही मुदत ठेव मोडणे झाले. लागोपाठ टोचत गेले, की साठा आटतो, पहिल्याइतका परिणाम होत नाही आणि मुलगा मात्रा वाढवतो. मग छातीत धडधड, चढलेला रक्तदाब, उडालेली झोप. पुढे भास आणि संशयही. सुई दोघांतिघांत फिरली, तर कावीळ आणि एचआयव्हीची भीती वेगळीच.

१९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव याच जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे. त्यांचे नाव घेणाऱ्या तालमींनी पोरांना हेही सांगावे, की जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या, प्रतिबंधित यादीत मेफेन्टरमाइन आहे.

औषध दुकानदाराने चिठ्ठीशिवाय बाटली देऊ नये, हा कायदाच आहे. तो पाळला जातो की नाही, हे अन्न व औषध प्रशासनाने पाहावे. घरच्यांनी मात्र दंडाचा घेर मोजण्याऐवजी मुलगा रात्री झोपतो का, जेवतो का, विनाकारण चिडतो का, हे पाहावे. काही खटकले, तर मारझोड न करता त्याला डॉक्टरांकडे न्यावे. सवय लागलेला मुलगा हा आधी रुग्ण असतो.