उलटी झालेली कमान

रविवारची सकाळ होती. इंदूरच्या घराघरांतून त्या वेळी जे चाललेले असते तेच आमच्याकडेही चालले होते. पोहे होऊन गेले होते आणि जिलबीचा पुडा टेबलावर उघडा होता. इतक्यात आमच्या पुतण्याची मुलगी आली. यंदा ती दहावीत आहे. काखेत लॅपटॉप, हातात वही, आणि जिलबीकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. प्रकरण गंभीर आहे हे आम्ही तेव्हाच ओळखले.

"आजोबा, अकरावीत मी गणित घेणार नाही," ती म्हणाली. "मला ते येतच नाही."

ज्या घरात दोन पिढ्या गणित शिकवून झाले आहे, त्या घरात हे वाक्य सहज ऐकून घेतले जात नाही. तरीही आम्ही उपदेश टाळला आणि वही मागितली. शाळेच्या प्रकल्पासाठी तिला काही समीकरणांचे आलेख काढायचे होते, आधी हाताने आणि नंतर संगणकाच्या तक्त्यात, ज्याला ही मुले स्प्रेडशीट म्हणतात. समीकरण साधेच होते : य = −क्ष² + ४. वहीत क्ष = −३ असताना य = −५, क्ष = ० असताना ४, क्ष = ३ असताना पुन्हा −५, अशी उत्तरे आधी लिहिलेली दिसत होती. दिसत होती असे म्हणायचे, कारण ती रबराने घासून पुसली होती आणि त्यांच्या जागी १३, ४, १३ असे आकडे आले होते. यंत्राने तेच सांगितले होते. वहीतली कमान खाली तोंड करून उभी होती, पडद्यावर मात्र वाडगा तयार झाला होता. यंत्र चुकत नाही, तेव्हा चूक आपलीच, असा तिचा हिशेब.

वाचकहो, खरे सांगायचे तर त्या पुसलेल्या आकड्यांकडे पाहून आम्हांला वाईट वाटले. मुलीचे उत्तर बरोबर होते. तिने ते स्वतःच्या हाताने खोडले होते.

यंत्राची बाजूही ऐकली पाहिजे. तिने तक्त्यात लिहिले होते : =-ए२^२+४. ए२ म्हणजे ज्या चौकटीत क्षची किंमत आहे ती चौकट, आणि ^ हे चिन्ह घातांकाचे. वहीच्या रिवाजाप्रमाणे घातांक आधी आणि वजाचे चिन्ह नंतर. परंतु एक्सेलमध्ये, तसेच लिब्रेऑफिसच्या तक्त्यातही, आकड्याला चिकटलेले वजाचे चिन्ह घातांकाच्या आधी लागू होते. म्हणजे −३ चा वर्ग न घेता ते आधी चिन्ह बदलते, मग वर्ग करते. उत्तर नेहमीच धन. गंमत अशी की तेच समीकरण =४-ए२^२ असे लिहिले तर वजाबाकीचे चिन्ह दोन पदांमध्ये येते, यंत्र घातांक आधी घेते आणि उत्तर अगदी बरोबर मिळते. एकाच गोष्टीची दोन रूपे आणि दोन निरनिराळे आलेख! =-(ए२^२)+४ असा कंस घातला तरीही भागते. आम्ही कंस घालून दाखवला. पडद्यावरचा वाडगा पालथा झाला आणि कमान उभी राहिली. मुलीने प्रथम पडद्याकडे पाहिले, मग वहीकडे, आणि एक जिलबी उचलली.

त्या कमानीला शाळेत तिला पॅराबोला म्हणायला शिकवले आहे. वाड्यातल्या हिंदी माध्यमाच्या मैत्रिणीच्या पुस्तकात तेच परवलय आहे आणि आमच्या जुन्या मराठी पुस्तकात अन्वस्त. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांतून मुलांच्या डोक्यात एका वक्राला तीन नावे नांदतात, हे ओझे आहे की संपत्ती यावर आम्ही अजून एकमत करू शकलेलो नाही. असो.

आमच्या काळी एक आलेख म्हणजे एक संध्याकाळ असे. चौकटींचा कागद, टोकदार पेन्सिल, आणि क्षच्या सात-आठ किमती. नवव्या किमतीची चिकाटी फार थोड्यांत असे. पदार्थाला स्थान देऊन वक्राचे समीकरण मांडण्याची युक्ती देकार्तने १६३७ मध्ये प्रसिद्ध केली, आणि अज्ञात संख्येला नाव देण्याची आपल्याकडची रीत त्याहूनही जुनी. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिल्या अज्ञाताला 'यावत्तावत्' म्हटले आहे, पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे. यावत्तावत्, म्हणजे जेवढे असेल तेवढे. तक्त्यातली ए२ ही चौकट नेमकी तीच आहे : तिच्यात जे असेल ते, आणि ते बदलले की शेजारचे उत्तर आपोआप बदलते. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क नावाने ही सोय लहान संगणकावर आणली ती हिशेबनिसांसाठी. बीजगणिताला तिचा लाभ झाला तो जवळजवळ फुकटातच.

रीत अशी : पहिल्या स्तंभात −३, खाली −२.५ लिहावे, दोन्ही चौकटी निवडून कोपऱ्यातला ठिपका खाली ओढावा, म्हणजे ३ पर्यंतची माळ तयार होते. शेजारी सूत्र लिहून तेही तसेच ओढावे. मग दोन्ही स्तंभ निवडून आलेख मागावा, परंतु 'स्कॅटर' या प्रकारचा. 'लाइन' हा प्रकार निवडला तर क्षच्या किमती नुसत्या लेबलांसारख्या समान अंतरावर बसतात; १, २, ५, १० यांच्यातली अंतरे सारखीच दिसू लागतात आणि वक्र भलताच होतो. आमच्या माहितीतल्या कितीतरी जणांची पहिली ठेच इथलीच.

मुलीचा विश्वास परत आला होता, आता तो अति होऊ नये म्हणून आम्ही तिला य = क्ष³ − क्ष हे समीकरण दिले. क्षच्या पूर्णांक किमती घेतल्या, −२ पासून २ पर्यंत. उत्तरे आली −६, ०, ०, ०, ६. मधे सपाट माळरान. "आजोबा, इथे काहीच घडत नाही," ती म्हणाली. "अर्ध्या अर्ध्या पावलाने चाल," आम्ही म्हणालो. −०.५ ला ०.३७५ आले आणि ०.५ ला −०.३७५. दशांश पावलाने चालल्यावर −०.६ जवळ ०.३८४ उंचीची टेकडी आणि पलीकडे तेवढीच खोल दरी उघडी पडली. तीन शून्यांनी ती झाकून ठेवली होती.

शेवटी तिनेच य = १/क्ष काढून पाहायचे ठरवले. −२.७५ पासून अर्ध्या पावलाने, म्हणजे शून्य लागत नाही. −०.२५ ला −४ आले, ०.२५ ला ४. यंत्राने ते दोन ठिपके मुकाट्याने जोडले आणि आरंभबिंदूतून जाणारी एक उभट रेघ काढली. क्ष शून्य असताना ज्याला किंमतच नाही, त्यावरून यंत्राने पूल बांधला होता.

"ही रेघ खोटी आहे ना?" मुलीने विचारले. हा प्रश्न तिने विचारला, आम्ही सुचवला नव्हता, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. दोन ठिपक्यांच्या मधली एक ओळ कोरी सोडली की तुटक जागा राहते आणि पूल जातो, एवढे मात्र आम्ही सांगितले.

जाताना तिने पुसलेल्या जागी पुन्हा −५, ४, −५ लिहिले. १३ हे आकडे पुसू नकोस, शेजारी राहू दे, आणि यंत्राला ते का सुचले ते खाली लिही, असे आम्ही म्हटले. तिने तीन ओळी लिहिल्या. गणित घेणार की नाही हे काही ती बोलली नाही. आम्हीही विचारले नाही. पुड्यात जिलबी एकच उरली होती, तीही ती घेऊन गेली.