खेळाचा कॉम्प्युटर आणि दाजींचा कस

२०२५ च्या संक्रांतीला मी अक्काकडे सुरतेला गेलो होतो. तिचं घर कतारगाममध्ये. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नसेल, पण उंधियो करणाऱ्या सुरतकरणीला विचारा. पापडी कतारगामची नसेल तर तिचं समाधान होत नाही. आता तिथं शेतं कमी आणि कारखाने जास्त. हिऱ्याला पैलू पाडायच्या चाकाला तिकडं घंटी म्हणतात. कुठल्याही गल्लीत शिरा, कुठल्यातरी मजल्यावर घंटी फिरतच असते. त्या दिवशी मात्र सगळं गाव पतंग घेऊन गच्चीवर होतं. अक्कानं एका चुलीवर उंधियो आणि दुसऱ्या चुलीवर आपली शेंगाहोळगी केली होती. जतची पोर कुठंही गेली तरी संक्रांतीला शेंगाहोळगी सोडत नाही.

दाजी विट्याकडचे. धंदा गलाईचा. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. प्रत्येकाच्या नात्यात एखादा गलाईवाला असतोच. दागिन्यांच्या कारखान्यातला केरसुद्धा भट्टीत घालून त्यातलं सोनं काढणारी ही माणसं. धंदा सगळा विश्वासावर. दुसऱ्याचं सोनं हातात घ्यायचं आणि जेवढं निघेल तेवढं परत द्यायचं.

गच्चीवर सगळे होते, फक्त भाचा नव्हता. खाली खोलीत बंद पडलेल्या कॉम्प्युटरसमोर बसला होता. अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "तम्मा, स्वल्प नोडो. सहा महिने झाले, बाप-लेक नीट बोलत नाहीत."

गोष्ट अशी होती. बारावीच्या सुट्टीत आणि त्याआधीच्या दोन दिवाळ्यांत भाच्यानं दाजींच्या दुकानात काम करून तीस हजार रुपये साठवले होते. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यानं ते एका दुकानात दिले आणि 'आय-सेव्हन गेमिंग' असा कॉम्प्युटर घेऊन आला. काचेचा डबा, आत सात रंगांचे दिवे. पावसाळ्यात एका संध्याकाळी आतून फट् असा आवाज झाला, जळका वास आला आणि संपलं. दुकानदारानं हात वर केले, कारण पक्कं बिल नव्हतं. दाजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त त्या दिवसापासून पोराच्या हाती मालाची पुडी देणं बंद केलं. आधी तो कारखान्यातून माल आणायचा, पोचवायचा. आता नोकर जायचा.

मी मिरजेत बरीच वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवला. अशी मशिनं शेकड्यांनी उघडली आहेत. हेही उघडलं. प्रोसेसर आय-सेव्हन होता, खोटं नव्हतं. पण त्यावर पुढचा आकडा होता ३७७०. म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालचा माल. वाचकहो, हे एवढं ध्यानात ठेवा. नुसतं आय-फाइव्ह, आय-सेव्हन म्हणजे काहीच नाही. त्यापुढच्या आकड्याची सुरुवात पिढी सांगते. ३७७० म्हणजे तिसरी, १२४०० म्हणजे बारावी. नवा आय-फाइव्ह जुन्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे तेव्हाच जाहीर झालेलं होतं. म्हणजे ते मशीन जळलं नसतं तरी वर्षभरात म्हातारं ठरलं असतं.

ग्राफिक्स कार्डावर '४ जीबी' असं मोठ्या अक्षरात होतं. कार्ड जीटी ७३०, मूळचं २०१४ चं. ४ जीबी हे त्याच्या पोटाचं माप, पायाचं नव्हे. हौद मोठा आणि नळ करंगळीएवढा, असला प्रकार.

आणि जळलं होतं ते एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरला लागेल तशी देणारी पेटी. वर '४५० वॅट' छापलेलं. पण बाजूच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात फक्त १८ अँपिअर. १२ गुणिले १८, झाले २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुख्यतः या १२ व्होल्टवर जगतात, त्यामुळे खरी ताकद तीच.

दाजी तोवर दारात येऊन उभे होते. मी तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, मनात गुणाकार केला आणि म्हणाले, "पाव्हणं, हे म्हणजे बावीस कॅरेटचा शिक्का आणि माल अकराचा." त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी हसू आलं. भाचा मात्र हसला नाही.

मी त्याला सरळ विचारलं, काय करायचंय तुला कॉम्प्युटरवर? आमच्या क्लासमध्ये प्रत्येक पालक 'अभ्यासासाठी' म्हणायचा आणि प्रत्येक पोरगं खेळायचं. हा म्हणाला, "मामा, खेळायचंच आहे. अभ्यासाला मोबाईल पुरतो." मला त्याचा हा खरेपणा आवडला. दाजींनाही आवडला असावा, कारण रात्री जेवताना ते म्हणाले, "पंचाहत्तर हजार देतो. उसने. पण एकदाच. पाच-सहा वर्षं चाललं पाहिजे." अक्कानं वाढता वाढता विचारलं, "बाळिकी बरतैतेनु?" आमच्या अव्वाचा हा प्रश्न. पातेलं असो, लुगडं असो की जावई, ती हेच विचारायची. टिकेल का?

स्क्रीन, कीबोर्ड, माऊस जुने चांगले होते, त्यामुळे सगळे पैसे पेटीतल्या मालावर घालता येणार होते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शहरातल्या कॉम्प्युटरच्या बाजारात गेलो. एका दुकानदारानं, माणूस प्रामाणिक होता, यादी करून दिली: रायझन ५ ५६००, त्याला साजेसा बोर्ड आणि आरटीएक्स ४०६० हे कार्ड. भाच्याचे डोळे चमकले. ती यादी वाईट नव्हती. त्या दिवशी, त्या पैशात, खेळ सर्वांत जोरात तिनेच पळवले असते, हे मी आजही म्हणतो. पण माझा अडसर बोर्डाच्या खाचेचा होता.

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ती दर काही वर्षांनी बदलते. इंटेलची २०२१ सालची खाच बाराव्या, तेराव्या, चौदाव्या पिढीला चालली आणि २०२४ मध्ये नवी आली. एएमडीची एएम-४ ही खाच जास्त काळ टिकली. २०१७ साली त्या खाचेचा बोर्ड घेतलेल्या कितीतरी लोकांनी पाच वर्षांनी फक्त बायॉस नवं करून त्यात २०२२ चा ५८००एक्स३डी बसवला आणि तेच मशीन पुन्हा तरणं झालं. सध्याची एएम-५ खाच २०२२ मध्ये आली आणि २०२७ पर्यंत आणि पुढेही ती चालवू, असं कंपनीनं जाहीर केलं आहे. ५६०० घेतला तर आपण एएम-४ च्या जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर उभे. एएम-५ घेतला तर पहिल्या-दुसऱ्या.

कार्ड मात्र केव्हाही काढून दुसरं घालता येतं. एक स्क्रू आणि एक खटका. जुनं विकताही येतं. त्यामुळे मी म्हटलं, जे बदलायला सोपं तिथं आज हात आखडता घे. जे बदलायला सगळं मशीन उकलावं लागतं तिथं चांगलं घे. शेवटी ठरलं ते असं: रायझन ५ ७६०० साडेसतरा हजारांना, त्याच्यासोबत पंखा डब्यातच येतो. एएम-५ खाचेचा बोर्ड बारा हजार. एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी साडेपाच. कार्ड आरएक्स ६६००, २०२१ चं, एकोणीस-वीस हजारांच्या घरात. साध्या १०८० च्या स्क्रीनला ते पुरतं, पण त्याच्याकडे मेमरी ८ जीबी आणि नव्या भारी खेळांना ती अपुरी पडायला लागली आहे, हे मी भाच्याला लपवलं नाही. तीन वर्षांनी ते बदलावं लागणार. त्याचं तोंड उतरलं. "मामा, म्हणजे आज मी मित्रांच्या मागंच." होय, थोडा मागं. पैसे मोजके असले की कुठंतरी मागं राहावंच लागतं; कुठं राहायचं एवढं आपल्या हाती.

मग एसएमपीएस. इथं दाजींनी गंमत केली. दुकानातून आणलेला नवा ६५० वॅटचा डबा आणि जुना जळका, दोन्ही त्यांनी आपल्या वजनकाट्यावर ठेवले. नवा चांगलाच जड भरला. आत तांबं जास्त, धातू जास्त. वजन हा काही पक्का पुरावा नव्हे, हे मी सांगितलं. पण कस लावायची सवय असलेल्या माणसाला मी काय अडवणार? तक्त्यात १२ व्होल्टला ५४ अँपिअर होते. गुणाकार भाच्यानं केला, ६४८. दाजींनी मान हलवली. त्यावर '८० प्लस ब्राँझ' असाही शिक्का होता. हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, पेटी किती टिकेल ते नाही. टिकण्यासाठी वॉरंटी बघायची. ज्या पेटीला कंपनी पाच वर्षांची वॉरंटी देते तिच्यावर तिचा स्वतःचा विश्वास आहे असं समजावं. या मशीनला तीनशे वॅटही लागणार नाहीत, पण पुढं मोठं कार्ड येईल तेव्हा पेटी बदलायला नको म्हणून ६५०.

काचेचा दिव्यांचा डबा अक्कानंच नाकारला. "तळुकु-बळुकु बेड," म्हणाली. पुढून जाळी असलेला साधा डबा घेतला. सुरतेची हवा दमट आणि धूळ बारीक, त्यामुळे वारा खेळता हवा आणि दर दोन महिन्यांनी जाळी झटकायला हवी. आणि एक गोष्ट मला जुन्या मशीनमध्येच दिसली होती: जोडण्यांवर हिरवट थर. ते मशीन भट्टीच्या मागच्या खोलीत ठेवलेलं होतं. अ‍ॅसिडचा धूर तांब्याचं काय करतो, हे दाजींना मी सांगायची गरज नव्हती. नवं मशीन वरच्या मजल्यावर, अर्थिंग तपासून घेतलेल्या सॉकेटवर, पाच हजारांच्या यूपीएसच्या मागे ठेवलं. यूपीएसला पैसे कशाला, असं भाचा म्हणत होता. खेळात वीज गेली तर खेळच जातो, पण एसएसडीवर काही लिहिलं जात असताना गेली तर जास्त काही जाऊ शकतं.

राहिली रॅम. डीडीआर-५ ची १६ जीबीची एक पट्टी साडेचार हजारांना. दाजी म्हणाले, "दोन घेऊन टाका, पाव्हणं. आलोच आहोत तर." बजेट थोडं ताणलं असतं तर जमलं असतं. दोन पट्ट्या जोडीनं टाकल्या तर वेगही थोडा वाढतो. पण मी ऐटीत सांगितलं, "दाजी, मेमरी वर्षागणिक स्वस्त होते. हा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव. एक खाच रिकामी ठेवू, दिवाळीला अर्ध्या किमतीत मिळेल."

जोडणी भाच्यानंच केली, मी नुसता शेजारी बसलो. दाजी मधूनमधून येऊन बघून जात. प्रत्येक डब्यावरचा नंबर पक्क्या बिलावरच्या नंबराशी ताडून बघायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं आणि ते त्यांनी भट्टीवरच्या चोखपणानं केलं. एका डब्याचा नंबर बिलात एका आकड्यानं चुकला होता. भाचा ताबडतोब गाडी काढून गेला, दुरुस्त करून आणला. दुकान बंद होता होता पोचला होता. बिल बापाच्या हातात देताना त्यानं चुकलेल्या आकड्यावर बोट ठेवलं, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत होतो तेव्हा दाजींनी त्याला हाक मारली आणि एक पुडी दिली. कुठल्या कारखान्यात पोचवायची ते सांगितलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेली.

मशीन उत्तम चाललंय. उसने पैसेही महिन्याला थोडे थोडे फिटतायत. पण रॅमचं काय झालं ते सांगायलाच हवं. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या डेटा सेंटरांनी मेमरीची एवढी मागणी केली की चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी माल तिकडे वळवला. घरगुती रॅमचे भाव भडकले. मायक्रॉन या अमेरिकन कंपनीनं तर डिसेंबरात आपला 'क्रूशल' हा घरगुती ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करणार असल्याचं जाहीर केलं. साडेचार हजारांची ती पट्टी वर्ष संपायच्या आत दुपटीच्याही पुढं गेली.

डिसेंबरात दाजींचा फोन आला. त्या महिन्यात चांदी किलोला दोन लाखांच्या वर गेली होती, त्यामुळे स्वारी खुशीत होती. अक्काचं बोलणं झाल्यावर त्यांनी फोन घेतला.

"पाव्हणं, ती रिकामी खाच अजून रिकामीच आहे."

"दाजी, चुकलंच माझं."

"असू दे, असू दे. पोरगं म्हणतंय, भाव उतरेपर्यंत थांबतो." मग जरा थांबून म्हणाले, "फक्त एक करा. चांदी कधी घ्यायची ते मला सांगत जाऊ नका."