उरलेले पंधरा किलोमीटर

पुण्याची वेदांगी कुलकर्णी रविवारी, 23 डिसेंबर 2018 रोजी पहाटे कोलकात्यात पोचली आणि मथळेवाल्यांनी तिला 'सायकलवरून जगप्रदक्षिणा करणारी सर्वात वेगवान आशियाई' करून टाकलं. 14 देश, 29 हजार किलोमीटर, 159 दिवस. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूच्या धाकानं लुबाडलं गेलं, रशियाच्या बर्फात रात्री एकटीनं काढल्या. वीस वर्षांच्या मुलीनं एवढं निभावल्यावर तिच्याविषयी कुणी वाकडं बोलू नये. भांडण आहे ते 'आशियाई'शी.

हा शब्द तिथं कुठून आला? स्कॉटलंडच्या जेनी ग्रॅहमनं अशीच प्रदक्षिणा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, सोबत मदतीची गाडी न घेता, 124 दिवसांत संपवली. म्हणजे 'सर्वात वेगवान महिला' ही खुर्ची दोन महिने आधीच भरली होती. मग खंड शोधला गेला. खंडातही कुणी आडवं आलं असतं, तर देश होता, राज्य होतं आणि अगदीच वेळ आली असती तर पेठ होती. पुण्यात पेठांना तोटा नाही.

खरी गंमत पुढेच आहे. प्रदक्षिणा तेव्हा अजून पुरी झालेलीच नव्हती! जुलैत ती पर्थहून सुरू झाली; त्यामुळे विमानानं पर्थ गाठायचं, सायकलवर टांग टाकायची आणि 15 किलोमीटर चालवून जिथून निघालो त्या जागी पोचायचं, हे बाकी होतं. पंधरा किलोमीटर. आमच्या बीडहून निघालं तर तेवढ्यात मांजरसुंबाही यायचं नाही. पण हारतुरे आधी आणि उरलेलं अंतर मागाहून, हे म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद वाटून झाल्यावर शेवटचा अध्याय वाचायला बसण्यासारखं झालं. 159 दिवसांचं घड्याळ त्या विमानात चालू राहणार की नाही, हा प्रश्न बहुधा मथळ्यात मावला नसावा.

घड्याळं थांबतातही म्हणा. इटलीची पाओला जानोत्ती अशाच प्रदक्षिणेला 2014 च्या मार्चात निघाली, वाटेत अपघातात मानेचा मणका मोडला, चार महिने त्यात गेले, नोव्हेंबरअखेर ती घरी परतली आणि विक्रमाच्या वहीत दिवस पडले 144. मार्च ते नोव्हेंबर ज्यानं त्यानं आपापल्या बोटांवर मोजून पाहावेत. मान मोडून पुन्हा सायकलवर बसणाऱ्या बाईशी हिशेब घालू नये, हे खरं. तरी बोटं मोजतातच.

आणि घड्याळाशी खेळण्याइतकाही धीर नसेल तर छायाचित्रं आहेतच. पुणे पोलिसांतल्या राठोड दाम्पत्याचा 2016 मधला, फेरफार केलेल्या छायाचित्रांवर उभा असलेला एव्हरेस्ट सर केल्याचा दावा नेपाळच्या चौकशीत खोटा ठरला, दहा वर्षांची बंदी आली, 2017 मध्ये नोकरीही गेली. वेदांगीच्या बातमीत हा दाखला देणं अन्यायाचंच आहे. पण आठवला खरा.

याउलट आमच्या बीड जिल्ह्यातल्या, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं 2018 च्या सप्टेंबरात भुवनेश्वरला 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 29.80 सेकंदांत पूर्ण केली. गोपाळ सैनींचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम एक सेकंद आणि आठ शतांशानं मोडला. ना खंड लावावा लागला, ना वय, ना उरलेलं अंतर. बीडातसुद्धा किती जणांना तो आकडा ठाऊक आहे?

विक्रमांचाच विषय निघाला आहे तर एक घरचाही नोंदवून ठेवावा. वेदांगीची सरासरी दिवसाला 182 किलोमीटर पडते. त्या गतीनं अहमदनगर-बीड-परळी हे 261 किलोमीटर कापायला दीड दिवससुद्धा लागत नाही. याच वाटेवरची रेल्वे 1995 मध्ये मंजूर झाली; 2018 संपत आलं तरी गाडी बीडला यायची होती. घड्याळ मात्र कुणीही थांबवलेलं नव्हतं.