सही करण्याआधी

ग्रामपंचायतीचा शिपाई प्रोसिडिंगची वही काखेत घेऊन दारात येतो. सदस्य शेताकडे निघालेला असतो. ‘कुठं करायची?’ एवढे विचारून तो बोट दाखवलेल्या जागी सही ठोकतो आणि न भरलेली मासिक सभा कागदावर पार पडते. ग्रामीण महाराष्ट्राला हे दृश्य अनोळखी नाही. राज्यातल्या सुमारे 28 हजार ग्रामपंचायतींत सगळीकडे असेच चालते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण जिथे चालते, तिथे गावाचा कारभार बिघडायला सुरुवात याच सहीपासून होते. कारण सदस्याच्या हातात जो काही अधिकार आहे, तो बहुतेक सगळा त्या सभेतच असतो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार गावाच्या लोकसंख्येप्रमाणे पंचायतीत 7 ते 17 सदस्य असतात. यातल्या एकट्या सदस्याला कारभाराचा हुकूम देता येत नाही. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तो कामावरून काढू शकत नाही, ठेकेदाराचे बिल काढू शकत नाही की अडवूही शकत नाही. अंमलबजावणी सरपंचाकडे आणि सचिव म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे. निर्णय मात्र पंचायतीचा, म्हणजे सभेत बसलेल्या सदस्यांचा. दिवाबत्तीपासून गटारापर्यंत, घरपट्टीच्या दरापासून वार्षिक अंदाजपत्रकापर्यंत सगळे ठराव तिथे होतात. म्हणूनच मासिक सभेची नोटीस किमान तीन दिवस आधी हाती पडायला हवी, असा नियम आहे. विषय वाचावेत, वॉर्डात चार लोकांशी बोलावे आणि मग मत द्यावे, यासाठीच ती मुदत आहे. रजा न घेता सलग सहा महिने सभांना गैरहजर राहणाऱ्याचे सदस्यत्व जाते ते याच कारणाने. घरी बसून केलेल्या सहीने हजेरी वाचते, पण ज्यासाठी मते मागितली ते काम बुडते.

हे काम अलीकडे अधिक जोखमीचे झाले आहे, कारण गावात थेट पैसा येऊ लागला. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 पासूनच्या पाच वर्षांसाठी दिलेल्या निधीत 60 टक्के बंधित आणि 40 टक्के अबंधित अशी वाटणी होती. बंधित रकमेचा अर्धा वाटा पाण्यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. आपल्या गावाला किती आले, कोणत्या शीर्षाखाली आले आणि ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात त्यातून कोणती कामे धरली, एवढे तीन प्रश्न प्रत्येक सदस्याला तोंडपाठ हवेत. पेव्हर ब्लॉक डोळ्यांत भरतात, त्यांच्यासमोर फोटोही काढता येतो. पाण्याच्या टाकीत जंतुनाशक टीसीएल पावडर रोज पडते का, हे विचारणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही. पण पावसाळ्यात गावात जुलाबाची साथ येते तेव्हा उत्तर त्या पावडरच्या प्रश्नाचेच द्यावे लागते.

खर्चाइतकीच जबाबदारी वसुलीची. नमुना 8 मध्ये कोणाच्या घरावर किती कर बसला ते दिसते, नमुना 9 मध्ये मागणी आणि वसुलीचा हिशेब. ही दोन दप्तरे उघडून पाहणारा सदस्य गावात लोकप्रिय होईलच असे नाही, कारण थकबाकीदारांत त्याचे मतदारही असतात आणि भाऊबंदही. पण घरपट्टी मागायला लाजणारी पंचायत कायम वरून येणाऱ्या निधीकडे तोंड करून बसते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने कर भरणाऱ्या कुटुंबांना दळण मोफत दिले आणि वसुलीचा प्रश्न घराघरात नेऊन सोडवला. उपाय गावागणिक वेगळा असेल, तो काढायची जागा मात्र मासिक सभाच.

मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत, याची काळजी कायद्याने घेतली आहे. कराचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत ते न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. पंचायतीच्या कामात स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध असेल, तरी पद जाते. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाचेही तेच. कुटुंबाच्या अतिक्रमित घरात स्वतः राहणाऱ्याला ते अतिक्रमण माझे नव्हे म्हणून सुटता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले. मेहुण्याच्या नावावर ठेका घेणाऱ्यांनी या तरतुदी सवडीने वाचाव्यात.

सरपंचाची थेट निवडणूक 2017 मध्ये आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये पुन्हा आली. त्यामुळे अनेक गावांत सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचे, अशी स्थिती असते. अशा वेळी काही सदस्य प्रत्येक ठराव पाडण्यात धन्यता मानतात, तर काही ‘आता आपल्याला कोण विचारतो’ म्हणून घरी बसतात. दोन्हींत नुकसान गावाचे. सरपंच थेट जनतेतून आला, म्हणून सदस्यांच्या संमतीची गरज संपलेली नाही. ती संमती कामागणिक, कारण सांगून द्यावी किंवा नाकारावी, आणि विरोध केला तर तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. तोंडी विरोधाची साक्ष दप्तर देत नाही.

निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्याला दशक उलटून गेले. तरी सभेत महिला सदस्याच्या खुर्चीशेजारी, कधी खुर्चीतच, पतिराज बसलेले दिसतात. मत तिला मिळाले, सही तिची चालते, जबाबदारीही कायद्याने तिचीच. मग विषयपत्रिकाही तिच्याच हातात पडायला हवी. पद ही घराची मालमत्ता समजली, की पुढची पायरी लिलावाची. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने याच कारणावरून रद्द केल्या. बोली लावून आलेला सदस्य आधी बोलीची रक्कम वसूल करतो, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

सदस्यावर नजर ठेवायची ती ग्रामसभेने. वर्षाला किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत, आणि 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतील कमी असेल तेवढी हजेरी गणपूर्तीला पुरते. तेवढीही माणसे जमत नाहीत आणि तहकूब सभा उरकली जाते, तेव्हा दोष फक्त सदस्यांचा राहत नाही. येत्या ग्रामसभेला जाताना प्रत्येक मतदाराने आपल्या वॉर्डातल्या सदस्याला एकच विचारावे: गेल्या मासिक सभेत तुम्ही कशावर सही केली? त्याला आठवून सांगता आले, तर तुमचे मत वाया गेलेले नाही.